जुना सिनेमा दाखवा, पण अख्खा दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका चित्रपट वाहिनीने रोज रात्री एक असे महिनाभर जुने चित्रपट दाखवले. त्याबद्दल त्यांचे आभार आधीच मानून घेतो, कारण पुढे तशी संधी फारशी येणार नाही.

मी एका पडद्याच्या थिएटरात ऑपरेटर होतो. केबिनमध्ये उभं राहून प्रोजेक्टर चालवायचा, ही नोकरी. डिजिटल आलं आणि आमच्या जागी एक डबा व एक पासवर्ड बसला, तोवर हेच केलं. खाली लोक सिनेमा बघायचे, आम्ही चौकट बघायचो. फोकस हलला का, दिव्यातली कार्बनची कांडी नीट जळतेय का, आणि ठिपका आला का. हा ठिपका पुष्कळांना माहीत नसतो. रीळ संपत आलं की चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर, फक्त चार फ्रेमपुरता, एक गोल ठिपका चमकतो. पहिला ठिपका दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, साधारण सात-आठ सेकंदांनी दुसरा दिसला की बदल मारायचा, म्हणजे चित्र दुसऱ्या मशीनवर न्यायचं. प्रेक्षकाला कळता कामा नये. ती सवय अशी भिनली आहे की घरी टीव्हीसमोर बसलो तरी नजर दर थोड्या वेळाने त्या कोपऱ्यात जाते.

त्यामुळेच गडबड लक्षात आली. वाहिनीने ‘संत तुकाराम’ लावला होता. ठिपका आला तो अर्धाच. वरचा अर्धा पडद्याबाहेर. ठिपका अर्धा, म्हणजे चित्राची वरची पट्टी कापलेली. मग नीट पाहिलं, तर खालूनही कापलं होतं. त्या काळचा बोलपट जवळजवळ चौकोनी असतो: उंची १ धरली तर रुंदी १.३७. आजचा टीव्ही लांबोडका, १.७८. चौकोनी चित्र लांबट पडदा भरेपर्यंत मोठं केलं की वरखालचा मिळून जवळपास पाव भाग जातो. शेवटी तुकाराम वैकुंठाला निघतात, विमान वर वर जातं, खाली माणसं माना वर करून बघत राहतात. आमच्या टीव्हीवर ते विमान वैकुंठाच्या बरंच आधी चौकटीबाहेर पडलं. दामले-फत्तेलाल यांचा १९३६चा चित्रपट, ज्याला पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलं गेलं, आणि त्याची ही तऱ्हा!

दुसऱ्या काही चित्रपटांना कापलं नव्हतं, ताणलं होतं. म्हणजे डोकी शाबूत, पण सगळे आडवे फुगलेले. नायिका बिचारी बारीक असली तरी तीस टक्के जाड, आणि बैलगाडीची चाकं लंबगोल. घरातले म्हणाले, काय फरक पडतो, गोष्ट तर कळते ना? गोष्ट कळायला पुस्तक आहे की.

गंमत अशी, की दूरदर्शनच्या जुन्या डबा टीव्हीवर हा प्रश्नच नव्हता. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. पुढे कित्येक वर्षं शनिवारी संध्याकाळी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट, हा परिपाठ होता. मध्येच बातम्या यायच्या, चित्र हलायचं, कोणी तरी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचं. पण तो डबा स्वतःच चौकोनी असल्यामुळे ‘संत तुकाराम’ काढणाऱ्या प्रभात कंपनीचा चित्रपट त्यात जवळजवळ पूर्ण मावायचा. हाल व्हायचे ते सिनेमास्कोपचे, म्हणजे खूप रुंद चित्राच्या चित्रपटांचे. ‘कागज़ के फूल’ हा १९५९चा, आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप. त्यात ‘वक़्त ने किया’ या गाण्यात रिकाम्या स्टुडिओत वरून उजेडाचा झोत येतो, आणि गुरुदत्त व वहीदा एकमेकांपासून लांब उभे. कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी आरशांवरून उन्ह आत घेऊन तो झोत मिळवला, हे आमच्या केबिनमध्ये पोरांना सांगायची पद्धत होती. डबा टीव्हीवर दोन्ही बाजू कापल्या जायच्या आणि पुष्कळदा मधला उजेडच तेवढा हाती लागायचा. आज टीव्ही रुंद झाला, आता हा चित्रपट वरखाली बारीक काळ्या पट्ट्या सोडून घरात पूर्ण बघता येतो. आणि चौकोनी चित्रपटांना डाव्या-उजव्या बाजूला काळी पट्टी सोडली की काम झालं. एवढंच करायचं आहे. पण काळी पट्टी दिसली की प्रेक्षक फोन करतो म्हणे, ‘आमचा टीव्ही बिघडलाय का?’ तर महिनाभर रोज चित्रपटाआधी अर्धा मिनिट सांगा ना, की पट्टी का आहे. साबणाची जाहिरात दिवसातून पन्नास वेळा कळते, हे एकदा कळणार नाही?

आता लांबीबद्दल. ही युक्ती वाचकांच्या उपयोगाची आहे. चित्रपटाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं, त्यावर लांबी लिहिलेली असते, जुन्यांवर फुटांत, नंतरच्यांवर मीटरमध्ये. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. म्हणून फुटांना ९०ने भागा, मीटर असतील तर २७.४ने. १२,६०० फूट असेल तर २ तास २० मिनिटं. मग घड्याळ लावून जाहिराती वजा करा. मात्र वाहिनीवर अन्याय नको म्हणून एक सूट द्यावी लागते. थिएटरात सेकंदाला २४ फ्रेम, आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत २५ची. बरेचदा २४चा चित्रपट तसाच २५ने पळवतात, त्यामुळे एवढ्या लांबीचा चित्रपट कापाकापी न करताही साधारण साडेपाच मिनिटं आधी संपतो. (त्यात गाण्याचा स्वरही अर्ध्या सुराला थोडा कमी इतका वर चढतो. पेटी घेऊन बसणाऱ्यांना हे ऐकू येतं, आम्ही पामर.) या सुटीपेक्षा जास्त मिनिटं कमी भरली, तर ती कात्री. मी एका चित्रपटाचं प्रमाणपत्र वहीत टिपून हिशोब केला, तर सूट देऊनही वीसेक मिनिटांचा पत्ता नव्हता. एक गाणं अख्खं गायब होतं, आणि नायिका माहेरून परत कधी आली हे शेवटपर्यंत कळलं नाही.

आमच्या धंद्यातही रिळं पळवणारे होते, नाही असं नाही. शेवटचा खेळ लवकर संपवून घरी जायचं म्हणून मधलं एक रीळ खाली ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत. पण तिथे पब्लिक खुर्च्या वाजवायचं आणि मॅनेजर धावत वर यायचा. टीव्हीसमोर बसलेल्या माणसाने खुर्ची वाजवली तर घरचेच ओरडतात.

आणि आवाज. व्ही. शांताराम यांच्या ‘कुंकू’त, १९३७ साली, पार्श्वसंगीत नाहीच. घड्याळाची टिकटिक, भांडी, पावलं, रस्त्यावरचा गलका, एवढ्यावर चित्रपट उभा केला आहे. शांता आपट्यांची नीरा म्हाताऱ्या नवऱ्यापुढे गप्प उभी राहते, तेव्हा ती शांतता हाच संवाद असतो. वाहिनीने नेमका त्या शांततेत खालून एक रंगीत पट्टा सरकवला, ‘टुंग’ असा आवाज करत, उद्याच्या चित्रपटाची आठवण करून द्यायला. ज्या दिग्दर्शकाने तबल्याची थापसुद्धा आपल्या मर्जीने टाळली, त्याच्या चित्रपटात हे ‘टुंग’ कोणी भरलं?

हे चित्रपट किती कष्टांनी टिकवले जातात याचा जरा विचार व्हावा. ‘आलमआरा’, १९३१चा आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रिंट आज नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ साली सुरू झालं, पी. के. नायर यांनी तिथे बसून, फिरून, गोदामं धुंडाळून जुनी रिळं गोळा केली, म्हणून फाळक्यांचे काही तुकडे तरी डोळ्यांना दिसतात. ‘पथेर पांचाली’च्या निगेटिव्हना १९९३ साली लंडनच्या एका लॅबमधल्या आगीत झळ लागली. ती करपलेली फिल्म इटलीत बोलोन्याच्या कारागिरांनी हाताने सोडवली, दुरुस्त केली, आणि २०१५ साली चित्रपट पुन्हा पडद्यावर आला. एकेका फ्रेमसाठी लोक तासन्‌तास बसले. आणि प्रक्षेपणाच्या खोलीत एक जण ‘फुल स्क्रीन’चं बटण दाबून मोकळा होतो.

रंग भरण्याबद्दल दोन ओळी, कारण त्या महिन्यात ‘मुघल-ए-आझम’ही होता आणि तो २००४ची रंगवलेली आवृत्ती होता. मूळ १९६०च्या चित्रपटात बराच भाग काळा-पांढरा आहे, आणि शीशमहालातलं गाणं रंगीत. मॅटिनीला आम्ही तो चालवायचो, तेव्हा त्या रिळाला प्रेक्षकांतून जो आवाज उठायचा तो केबिनच्या काचेतून ऐकू यायचा. सगळंच रंगवलं की तो आवाज उठायचं कारणच राहत नाही. रंगीत दाखवा, ज्यांना आवडतं ते बघतील. पण मूळही दाखवा आणि कुठलं आहे ते आधी सांगा.

पुढचा महिना करायचा ठरला, तर कसा करावा, हे सांगायचा अधिकार मला नाही, पण इच्छा आहे. एकामागून एक नुसते तीस चित्रपट ओतू नयेत. जोड्या लावाव्यात. प्रभात एकच चित्रपट मराठीत आणि हिंदीत स्वतंत्रपणे चित्रित करायचं. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया ना माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’. लागोपाठच्या दोन रात्री दोन्ही दाखवा, बघा लोक कसे भांडतात कुठलं सरस यावर. ‘शेजारी’ (१९४१) तर सोडूच नका. त्यात हिंदू जिवबा केशवराव दाते आणि मुसलमान मिर्झा गजानन जागीरदार. हिंदी ‘पडोसी’त मिर्झा जागीरदारच, पण हिंदू शेजाऱ्याचं काम मझहर खान यांनी केलं आहे. म्हणजे हिंदू नट मुसलमान, मुसलमान नट हिंदू. एका रात्री दाते-जागीरदार, दुसऱ्या रात्री मझहर खान-जागीरदार. दोघा मित्रांचा बुद्धिबळाचा डाव तोच, समोरचा चेहरा बदलला की मैत्री किती वेगळी दिसते ते पाहण्यासारखं आहे. मी दोन्ही प्रिंट हाताळल्या आहेत आणि माझं मत दात्यांच्या बाजूने आहे, पण ते बाजूला ठेवा.

दुसरी जोडी: डी सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८) आणि बिमल रॉय यांचा ‘दो बिघा ज़मीन’ (१९५३). पहिला आपल्याकडे १९५२च्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात आला, त्याचा रॉय यांच्यावर परिणाम झाला. इटालियनला खाली मराठी अक्षरं द्या, बघणारा मिळतो.

एखादा रविवार मूकपटाला द्या. फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’, १९१९, त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. फक्त वेग सांभाळा. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला सोळा-अठराच्या आसपास फ्रेम पडायच्या. ते २४ने चालवलं की बाळकृष्ण घाईला आलेला वाटतो आणि लोक उगीच हसतात. मूकपटातली माणसं तशी तुरुतुरु चालत नव्हती, आपण त्यांना तशी चालवतो.

हसायचंच असेल तर मास्टर विनायक व अत्र्यांचा ‘ब्रह्मचारी’ लावा, राजा परांजप्यांचा ‘जगाच्या पाठीवर’ लावा. पोट धरून हसून झालं की दुसऱ्यात डोळेही ओले होतात.

पत्र लांबलं, याची जाणीव आहे. जागेअभावी कात्री लावायची तर माझ्या केबिनच्या आठवणींना लावा, ‘शेजारी’ला हात लावू नका.

आणि तुमच्याकडे एक मागणं. तुमच्या अंकात टीव्हीचं वेळापत्रक येतं, त्यात नुसतं ‘रात्री ९ : चित्रपट’ असं असतं. त्याऐवजी नाव, साल, दिग्दर्शक आणि मूळ लांबी मिनिटांत, एवढं छापता येईल का? लांबी छापलेली असली की रात्री साडेअकराला प्रत्येक वाचक घड्याळ बघेल, आणि दुसऱ्या दिवशी वाहिनीला फोन करायला माझ्यासारखा एकच म्हातारा उरणार नाही.

आपला,
एक निवृत्त ऑपरेटर