रुळांकडेच्या पाइपांवर चार अक्षरं लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमचं घर रेल्वे फाटकापासून हाकेच्या अंतरावर. परवा फाटक लागलेलं असताना स्कूटरवर पुढं उभ्या असलेल्या नातवानं विचारलं, "आबा, ह्या पाइपातून काय जातं?" मी ठोकून दिलं, "पाणी." शेजारी थांबलेला एक पोरगा हसला. केबलच्या ठेकेदाराकडं कामाला होता. "काका, हे पाणी नाही, वायरी हायेत."

त्याच्याशी बोलल्यावर कळलं ते असं. काळ्या प्लॅस्टिकच्या पाइपांत सिग्नलच्या, सांधे (म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे हलते रूळ) बदलणाऱ्या यंत्रांच्या आणि फाटकाच्या फोनच्या तांब्याच्या केबली असतात. दुसऱ्या पाइपात ऑप्टिकल फायबर, म्हणजे केसासारखी काच. एरवी हे सगळं सुमारे मीटरभर खोल पुरतात. पुलावर माती नसते, म्हणून तिथं लोखंडी पाइपातून नेतात. ते, आणि माती निघून उघडे पडलेले पाइप, एवढंच आपल्याला दिसतं. पूर्वी सांधे केबिनमधल्या खटक्यांनी हलायचे, तेव्हा रुळांकडेनं लांबच लांब लोखंडी सळया जायच्या. लहानपणी मी त्यांनाही पाण्याचे पाइप समजायचो!

अज्ञान माझ्यापुरतं असतं तर पत्र लिहिलं नसतं. पण भंगार वेचणारी पोरं तांब्याच्या आशेनं काचेची केबल कापतात, हाती कवडी लागत नाही. उन्हाळ्यात कुणी कडेचं गवत पेटवून देतं आणि उघडा पडलेला पाइप वितळतो. रस्त्याच्या कामावरचा जेसीबी तर विचारतच नाही. सिग्नलची केबल तुटली की सिग्नल लाल होतो आणि गाडी जागच्या जागी उभी. आत बसलेले आपण रेल्वेला शिव्या घालतो.

पाण्याचे पाइप वेगळे. ते स्थानकात रुळांलगत असतात. त्यांना रबरी नळी जोडून डब्यांच्या टाक्या भरतात. एका डब्यात साधारण १८०० लिटर मावतं, म्हणजे वीस डब्यांच्या गाडीला ३६,००० लिटर; आपल्या भाषेत बारा हजारी टँकरच्या तीन खेपा. आमच्या स्थानकात अशाच एका पाइपाचा व्हॉल्व्ह गणपतीपासून गळतो आहे. खाली खडीत हिरवं शेवाळ धरलंय. आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, त्यामुळं पलीकडच्या वस्तीतल्या बाया रूळ ओलांडून त्या धारेखाली घागरी लावतात. त्यांना दोष कसा देणार? मी दोनदा सांगून आलो. "ते दुसऱ्या खात्याकडं," एवढंच उत्तर.

२०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे होते, पाणी पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी आली. त्याच मराठवाड्यात रुळावर पाणी सांडताना बघवत नाही.

मागणी छोटी आहे. गॅसच्या पाइपलाइनवर जागोजागी पिवळे खांब आणि फोन नंबर असतात, तशी अक्षरं इथं रंगवावीत: 'पाणी', 'सिग्नल केबल', 'काच आहे, तांबं नाही'. खाली कोणतं खातं आणि रेल्वेच्या मदतीचा १३९ हा क्रमांक. आणि व्हॉल्व्हवर आकडे टाकावेत, म्हणजे "पाण्याच्या टाकीपासून तिसरा, पिंपळाच्या अलीकडं" असं फोनवर सांगत बसावं लागणार नाही.

व्हॉल्व्हचा फोटो सोबत जोडला आहे. फोटो मागच्या महिन्यातला आहे. धार आज सकाळीही तेवढीच होती.

आपला,
एक वाचक, जि. परभणी