गावे हलवू नका, होडी पाठवा

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंडोनेशियाच्या पूर्व टोकाला असलेल्या पापुआतील दुर्गम खेड्यांच्या हलाखीवर आपल्या रविवार पुरवणीत लेख आला. त्यावर आलेल्या पत्रांत एक उपाय पुन्हा पुन्हा सुचवला गेला : नदीकाठी विखुरलेल्या या वस्त्या उठवून शहराजवळ वसवाव्यात, म्हणजे शाळा, दवाखाना, लस सगळे एका जागी देता येईल. सूचना कळकळीची आहे. पण ती अमलात आली, तर ज्या मुलांच्या काळजीने ती केली त्यांच्याच तोंडचा घास आधी जाईल. दक्षिण पापुआतील आस्मत जिल्ह्यापुरते तरी हे ठामपणे सांगता येते.

हाच प्रस्ताव जानेवारी 2018 मध्ये इंडोनेशियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी मांडला होता. त्याआधीच्या काही महिन्यांत आस्मतमध्ये गोवराची साथ आणि कुपोषण एकत्र आले आणि 70च्या आसपास मुले दगावली. गोवराचे रुग्ण सहाशेच्या वर गेले. तरीही जिल्हाप्रमुखांनी स्थलांतराला नकार दिला, आणि तो योग्यच होता. तिथे जंगल, नदीचे फाटे आणि सागूची, म्हणजे ज्याच्या खोडातून रोजचे पीठ निघते त्या ताडाची, बने कुळाकुळांत वाटलेली आहेत. एका कुळाने दुसऱ्याच्या बनात कुऱ्हाड घातली की भांडण ठरलेले. आगाट्स या जिल्ह्याच्या गावी आणून बसवलेल्या कुटुंबाला तिथले एकही झाड तोडायचा हक्क नसतो. जमीन म्हणाल तर भरतीचा चिखल; घरे, शाळा, रस्तेसुद्धा लाकडी खांबांवर. शेती करायला जागाच नाही. मग उरतो विकतचा तांदूळ आणि नूडल्स, आणि त्यासाठी लागणारा पैसा या लोकांकडे नाही.

सागू म्हणजे काय, हे नीट समजल्याशिवाय या गावांचे वेळापत्रक समजत नाही. आपला उपवासाचा साबुदाणा सेलमकडच्या टॅपिओकाच्या कंदाचा असतो. आस्मतचे पीठ सागू ताडाच्या खोडातून निघते. झाड दहा-पंधरा वर्षांचे झाले की शेंड्याला फुलोरा येण्याच्या बेतात ते तोडतात, कारण एकदा फुलोरा आला की खोडातले सत्त्व फळांत जाते आणि मागे नुसता चोथा राहतो. खोडाची वरची साल काढून आतला गर ठोकून ठोकून भुसा करायचा. तो भुसा ताडाच्याच पानाच्या रुंद देठाच्या पन्हळीत टाकून वरून पाणी ओतायचे, मळायचे, टोकाला बांधलेल्या जाळीदार काथ्यातून गाळायचे. खालच्या भांड्यात पांढरा साका बसतो; वरचे पाणी ओतून दिले की पीठ तयार. पाणी गोडेच लागते, म्हणून हे काम खाडीच्या तोंडाशी होत नाही, आत जावे लागते. चांगल्या भरलेल्या झाडातून दीडशे-दोनशे किलो पीठ सहज निघते. ते पानांत बांधून ओलसरच ठेवतात आणि काही आठवड्यांत ते आंबू लागते, म्हणजे वर्षाची बेगमी एकदम करून ठेवता येत नाही. या पिठात पिष्टाशिवाय जवळजवळ काही नसते, प्रथिने तर नावालाच. ती कसर मासे, कोळंबी आणि सागूच्या अळ्या भरून काढतात. तोडलेल्या खोडाला भोके पाडून ठेवली की सोंडकिडा अंडी घालतो आणि महिना-दीड महिन्याने बोटाएवढ्या, चरबीने भरलेल्या अळ्या मिळतात. लहान मुलांना याहून चांगले खाणे त्या दलदलीत दुसरे नाही.

या सगळ्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे मुलांसह बनात झोपड्या टाकून राहतात, कधी आठवडाभर, कधी त्याहून बरेच जास्त. गाव रिकामे दिसते ते यामुळे. आणि नेमकी त्याच आठवड्यात लसीकरणाची होडी येते. कर्मचारी चार घरे पाहतात, दोन म्हातारी माणसे भेटतात, वहीत ‘लाभार्थी गैरहजर’ अशी नोंद होते. तीच पाळी पुढच्या खेपेलाही आली की बाळ नवव्या महिन्याच्या आणि दीड वर्षाच्या अशा दोन्ही मात्रांना मुकते. गोवर रोखायला शंभरातल्या पंचाण्णव मुलांना लस मिळालेली असावी लागते. अशी गैरहजेरी साचत गेली की साथीला हवे तेवढे सरपण तयार होते.

होडीचे गणितही पाहावे. चाळीस अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात तासाला पंधरा-सोळा लिटर पेट्रोल पिते. सहा तासांवरच्या गावी जाऊन यायचे म्हणजे दोनशे लिटरच्या आसपास, वर ऑइल वेगळे. सरकारी भावाचे पेट्रोल संपले की पिंपातले घ्यावे लागते, काही पटींनी महाग. बुडालेल्या ओंडक्यावर आपटून पंख्याची पाती तुटतात, म्हणून दुसरा पंखा आणि स्पार्क प्लग जवळ हवेतच. लहान फाट्यांत फक्त भरतीला शिरता येते. ओहोटी लागण्यापूर्वी बाहेर पडायचे, नाहीतर होडी चिखलात रुतते आणि पुढच्या भरतीची वाट बघावी लागते. गावात प्रत्यक्ष कामाला दोन-तीन तास मिळतात, ते असे.

त्या दोन-तीन तासांत आणखी एक अडचण येते, जी अहवालात कधी दिसत नाही. गोवराच्या लसीची कुपी साधारणपणे दहा मात्रांची असते. पूड आणि द्रावण वेगवेगळे येते. एकदा मिसळले की सहा तासांत संपवायचे, उरले ते टाकून द्यायचे. वस्तीत चारच मुले सापडली, तर सहा मात्रा वाया गेल्याचा जाब द्यावा लागेल या धास्तीने परिचारिका कुपी फोडतच नाही. त्या चौघांना पुढच्या खेपेचा वायदा मिळतो. खरे तर एका कुपीची किंमत होडीच्या इंधनापुढे काहीच नाही. ‘एक मूल असले तरी कुपी फोडा’ असा लेखी आदेश जिल्ह्याने काढला, तरी मोठा फरक पडेल.

थंडाव्याचेही तसेच. लस 2 ते 8 अंशांत राहायला हवी हे सगळे जाणतात, पण कडक गोठलेल्या बर्फाच्या पिशव्या थेट पेटीत भरल्या तर घटसर्प-धनुर्वाताची लस गोठून निकामी होते, हे घाईत विसरले जाते. पिशवी बाहेर ठेवून, कानाशी हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत थांबायचे आणि मगच ती पेटीत घालायची. उपकेंद्रात बॅटरीविना चालणारे सौर शीतपेटीचे युनिट असेल तर हा खटाटोप बराच कमी होतो. बॅटरीवरची युनिट्स दमट हवेत बंद पडतात, ती बहुतेकदा बॅटऱ्या मेल्यामुळे.

मेळघाटच्या बालमृत्यूंच्या बातम्या वाचत आलेल्या आपल्या वाचकांना कुपोषण आणि साथ एकमेकांचा हात धरून येतात, हे नव्याने सांगायला नको. गोवर झालेल्या मुलाला दोन दिवस लागोपाठ अ जीवनसत्त्वाची मात्रा द्यायची, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पन्नास हजार युनिट, सहा महिने ते वर्षापर्यंतच्या बाळाला एक लाख आणि मोठ्याला दोन लाख. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर मूल तीव्र कुपोषित समजायचे. अशा मुलाची प्रकृती फारच बिघडलेली असेल तर सुरुवातीला एफ-75 हे पातळ दूध थोडे थोडे, रात्रीसुद्धा द्यायचे. एकदम पोटभर खाऊ घातले तर हृदयावर ताण येऊन तेच जिवावर बेतते. मदत म्हणून पोचणाऱ्या तांदळाच्या पोत्याने आणि नूडल्सच्या खोक्याने यातले काहीच होत नाही.

पाण्याबद्दल थोडे. नदी मचूळ, विहीर खणली तरी तेच; पिण्याला पावसाचे पाणी. ताडाच्या पानांच्या छपरावरचे पाणी तपकिरी उतरते, म्हणून पत्रा लागतो. चाळीस चौरस मीटर पत्र्यावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर जवळपास चार हजार लिटर पाणी येते, पण खाली टाकी अकराशे लिटरची असेल तर बाकीचे वाहून जाते. पाच माणसांचे घर दिवसाला पन्नास लिटर वापरते असे धरले, तर ती टाकी तीन आठवड्यांत कोरडी होते. पाऊस महिनाभर दडला की लोक पुन्हा नदीचे पाणी पितात आणि जुलाब सुरू होतात. इथे हवी आहे ती दुसरी टाकी आणि तोंडाला डास न शिरतील अशी जाळी.

पापुआच्याच डोंगराळ भागाची गोष्ट वेगळी. पुंचाक जिल्ह्यात 2023 मध्ये दुष्काळ आणि कडाक्याच्या थंडीने रताळ्याचे पीक गेले आणि माणसे मेली. रताळे जमिनीतच साठवतात, त्यामुळे पीक गेले म्हणजे कोठारही गेले. तिथे रस्ता नाही, लहान विमान उतरते तेही ढग दाटण्याआधी, सकाळीच. अशा वेळी लोक खालच्या सोयऱ्यांकडे जातात आणि परततात. त्यांना गरज असते ती तेवढ्या महिन्यांच्या आसऱ्याची, आणि परतल्यावर लावायला वेलांच्या कलमांची.

पैसा नाही म्हणून हे होत नाही, असेही म्हणता येत नाही. पापुआला विशेष स्वायत्तता 2001 पासून आहे. 2021च्या दुरुस्तीने तिचा निधी देशाच्या सामान्य वाटप निधीच्या (केंद्र सरकार प्रांतांना आणि जिल्ह्यांना वाटते तो पैसा) 2 टक्क्यांवरून 2.25 टक्क्यांवर नेला. 2022 मध्ये दक्षिण पापुआ हा स्वतंत्र प्रांतही झाला. पण नवी कार्यालये शहरात उभी राहतात, आणि उपकेंद्रातल्या परिचारिकेला राहायला धड खोली नसते, पगार आणायला होडीने शहर गाठावे लागते. ती गेली की परत येईपर्यंत कुलूप. त्याच प्रांतातल्या मेराउकेमध्ये 2024 पासून भात आणि उसासाठी जंगल सपाट केले जात आहे. त्यात सागूची बने जाणार असतील, तर स्थलांतराचा आदेश वेगळा काढायची गरजच उरणार नाही, आणि याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

पुढच्या वेळी या विषयावर लिहिताना आपल्या प्रतिनिधीने उपकेंद्र महिन्यातले किती दिवस उघडे होते, आणि होडी निघण्यापूर्वी लोक बनात आहेत की गावात याची चौकशी कोणी केली होती का, एवढे जरूर विचारावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे