पाकिटावर पीस छापायचं आणि आत सुती कापड रंगवायच्या सूचनांची चिठ्ठी घालायची?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: 'पिसं व केसांसाठी' म्हणून विकलेला ऑलिव्ह रंग, त्यातली बदललेली चिठ्ठी आणि तुमच्या हेल्पलाइनने दिलेली उत्तरं

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनचा फोन ठेवला आणि लगेच हे लिहायला बसले. यापुढे फोन करणार नाही, सगळं लेखी हवं.

मी फ्लाय बांधते, म्हणजे मासे पकडायच्या गळावर पिसं-केस बांधून खोटे किडे बनवते. हॅकल (कोंबड्याच्या मानेची लांब पिसं), माराबू (मऊ, भुरभुरीत पिसं), हरणाच्या शेपटीचे केस असं सगळं घरीच रंगवते आणि त्यासाठी कित्येक वर्षं तुमचाच ऑलिव्ह वापरत आले. ट्राउट माशाच्या फ्लायना खूप लागणारा रंग तो. तयार रंगवलेल्या पिसांत हवी ती छटा सापडत नाही. कुठे चिमूटभर तपकिरी वाढवावा लागतो, कुठे पीस वेळेआधी बाहेर काढावं लागतं. म्हणून घरी रंगवायचं.

या वेळी पांढऱ्या कोंबड्याची केप, म्हणजे मानेची सगळी पिसं, घेतली होती, कातडीसकट. भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवून तिचा तेलकटपणा काढला. स्टीलचं भांडं, व्हिनेगर, तापमापक ८० अंशांच्या आसपास. तुमच्या जुन्या चिठ्ठीत हेच होतं. एरवी थोड्या वेळात भांड्यातलं पाणी जवळपास निवळ होतं, म्हणजे रंग पिसात गेला. या वेळी तासाभरानंतरही पाणी गडद हिरवंच. केप धुवायला घेतली तर हिरवं पाणी थांबेना, आणि वाळल्यावर पिसांच्या कडा निळसर, मधला भाग फिका पिवळा. ऑलिव्ह कुठेच नाही. त्यातलंच एक हॅकल बांधून फ्लाय पाण्यात बुडवली, तर तिचा वासराच्या शेपटीच्या केसांचा पांढरा पंख हिरवट झाला.

मग पाकिटातली नवी चिठ्ठी वाचली. 'मीठ व धुण्याचा सोडा घालून उकळत्या पाण्यात ठेवावे.' व्हिनेगरचा शब्दही नाही. पाकिटावर काहीही बदललेलं नाही. नाव तेच, चित्र तेच.

तुम्ही रंग बनवता, तेव्हा हे तुम्हाला ठाऊक असणारच. पीस आणि केस म्हणजे केराटिन, एक प्रकारचं प्रथिन. त्यावर ॲसिड डाय बसतो आणि त्यासाठी पाणी आंबट लागतं. सोडा लागतो तो सुती कापडावरच्या रिॲक्टिव्ह रंगांना. अल्कली आणि उष्णता एकत्र आली की केराटिनची नासाडी होते. आणि उकळत्या पाण्यात केपची कातडी आकसून कडक होते, ते वेगळंच. तरीही 'चिठ्ठीप्रमाणे केलंच नाही' असं कुणी म्हणू नये म्हणून थोडा सुटा माराबू तुमच्या चिठ्ठीबरहुकूम रंगवून पाहिला. त्याचे तंतू एकमेकांना चिकटून गुठळी झाली. वाळवताना फुंकर मारली तरी सुटले नाहीत. पाण्यात जी हालचाल व्हावी म्हणून माराबू वापरतात, तीच गेली. आणि रंग? पहिल्याच धुण्यात गेला.

आता आजचा फोन. तो तुम्ही ध्वनिमुद्रित करता असं तुम्हीच सुरुवातीला सांगता, म्हणून काढून ऐका. सगळं सांगून झाल्यावर तुमच्या प्रतिनिधीने विचारलं, "कापड कुठलं होतं?" मी म्हटलं, कापड नाही, पिसं. "हो, पण कापड सुती होतं का?" मी पुन्हा सांगितलं, पिसं, कोंबड्याची पिसं. थोडा वेळ शांतता. मग, "मॅडम, मग अजून जास्त उकळा." उकळल्याने पीस जातं असं म्हटल्यावर उत्तर आलं, "मुलांच्या हस्तकलेसाठी रंगीत पिसं तयार मिळतात, तीच का घेत नाही?" मी म्हटलं, पाकिटावर 'पिसं व केसांसाठी' असं लिहिलंय, भलंमोठं पीस छापलंय. त्यावर, "चित्र फक्त दाखवण्यापुरतं असतं." वरिष्ठांना द्या म्हटलं तर बराच वेळ संगीत ऐकवलं आणि फोन कट. पाठोपाठ मेसेज आला, 'आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे.' समाधान कुणाचं झालं? माझं तर नाही!

चित्र फक्त दाखवण्यापुरतं! हे वाक्य तुमच्या संचालकांनी एकदा मोठ्याने वाचावं. त्या चित्रावर विश्वास ठेवूनच लोक पाकीट घेतात.

मला नेमकं हे हवं आहे. पावडर बदलली की नुसती चिठ्ठी बदलली, ते बॅच क्रमांकासह लेखी कळवा. क्रमांकाचा फोटो आणि न वापरलेली पावडर माझ्याकडे आहे. पावडर बदलली असेल तर पाकिटावरून पीस काढा. चिठ्ठी चुकून दुसऱ्या मालाची पडली असेल तर तो माल परत मागवा, कारण कुणीतरी आत्ता याच चिठ्ठीवर भरवसा ठेवून चांगल्या केपला सोड्यात उकळत असेल. रंगाचे पैसे आणि केपची भरपाई, दोन्ही द्या. एका केपमधून किती फ्लायचं हॅकल निघतं आणि ती निवडायला किती वेळ जातो, ते पिसांसाठी रंग विकणाऱ्यांना मी सांगायला नको.

नवशिक्यांना तुमचंच नाव सांगत आले, याचं आज वाईट वाटतं. ज्यांना सांगितलं त्या प्रत्येकाला आता माराबूच्या गुठळीचा फोटो आणि दोन्ही चिठ्ठ्या पाठवते आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर हीच कागदपत्रं घेऊन ग्राहक आयोगाकडे जाईन. आणि उत्तर देणाऱ्याने आधी पाकीट वाचावं. पुन्हा 'कापड कुठलं' असं विचारू नये.

आपली,
एक जुनी ग्राहक

सोबत: जुन्या व नव्या चिठ्ठीची प्रत, पाकिटाचा व बॅच क्रमांकाचा फोटो, केप व माराबूचे फोटो