लातूरच्या काकांना, कंट्रोल-ऑल्ट-बी बद्दल

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

गंजगोलाईमागच्या बोळातल्या तुमच्या दुकानात रोज इतकी माणसं येतात की मी तुम्हाला आठवेनच असं नाही. औसा तालुक्यातली सेवा केंद्रवाली मी. 2024 च्या जुलैत चादरीत गुंडाळलेला सीपीयू मांडीवर घेऊन एसटीने आले होते. बाहेर भुरभुर चालू होती. तुम्ही सीपीयू टेबलावर ठेवलात आणि आधी ती ओली चादर पंख्याखाली वाळत घातलीत. चादरीवरून तरी आठवेल.

दुरुस्तीचे पैसे तुम्ही घेतलेत, पण नंतर तासभर माऊसशिवाय कॉम्प्युटर नीट बंद करायचं जे शिकवलंत त्याचे घेतले नाहीत. मी फार आग्रह केला तेव्हा म्हणालात, "कुणाला तरी शिकव, म्हणजे फिटलं." म्हणून हे पत्र पाकिटात न घालता सगळ्यांसमोर लिहिते आहे. वाचणाऱ्या एखादीच्या कामी आलं तर तुमचं देणं थोडं फिटेल.

जुलै म्हणजे आमच्याकडे विम्याचा महिना. 2023 च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा सुरू झाला (2025 च्या खरिपापासून तो बंद झाला) आणि केंद्रासमोर सकाळी सातपासून माणसं बसू लागली. सातबारा, आठ-अ, पासबुक, आधार, पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत. त्या संध्याकाळी लाईट गेली आणि यूपीएस टीं टीं करायला लागला. तो जुना, लाईट गेल्यावर मशीनला फार तर चार-पाच मिनिटं धरतो. मी माऊसला हात घातला तर बाण जागचा हलेना. टेबलाखाली उंदरानं वायर कुरतडली होती, हे मागाहून कळलं. कॉम्प्युटर बंद करायचा एकच रस्ता मला ठाऊक होता, माऊसने स्टार्टवर जायचं आणि शटडाउन दाबायचं. तो रस्ताच बंद झाला. यूपीएसचा आवाज सलग व्हायला लागला तसं मी घाबरून सीपीयूचं बटण दाबून धरलं.

दुसऱ्या दिवशी निळी स्क्रीन. तीनदा चालू करून पाहिलं, तीनदा तेच. दीड दिवस केंद्राला कुलूप. एक आजोबा शेजारच्या वस्तीवरून चालत आले होते, हातात पिशवी. त्यांना मी परत पाठवलं. काही न बोलता पिशवी काखेत धरून ते वळले, ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "रोज असंच दाबून धरायलीस व्हय माय?" मी म्हटलं, माऊस अडला की तसंच करते. मग तुम्ही आडतीवरच्या मुनिमाचा दाखला दिलात. दिवसभर मुनीम कच्च्या चिठ्ठ्या लिहितो आणि सवड मिळेल तशा खतावणीत चढवतो. कॉम्प्युटरचंही तसंच, आपण केलेलं काम आधी मेमरीत राहतं आणि मागून डिस्कवर लिहिलं जातं. बटण दाबून धरलं म्हणजे मुनिमाच्या हातून पेन हिसकावून दुकानाचं शटर ओढलं. अर्धी ओळ लिहिलेली, चिठ्ठ्या तशाच पडलेल्या. नीट बंद करणं म्हणजे त्याला चिठ्ठ्या उतरवायला वेळ देणं. लातूरच्या बाजारात सोयाबीन घालणाऱ्या घरातली मी, मला यापेक्षा सोपं कुणी सांगू शकलं नसतं.

आणि मग तुम्ही जे केलंत त्याच्यासाठी खरं म्हणजे हे पत्र आहे.

काका, माझ्या केंद्रात मशीन बिघडलं की जो कुणी येतो तो पहिल्यांदा म्हणतो, "सरका ताई." खुर्ची घेतो, दहा-बारा ठिकाणी क्लिक करतो, "झालं" म्हणतो आणि जातो. काय झालं ते मला कधीच कळत नाही. तुम्ही मशीन चालू करून खुर्ची माझ्याकडे ढकललीत आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिलात. "मी हात लावणार नाही. तूच कर."

डेस्कटॉपवर मोकळ्या जागी राइट क्लिक, न्यू, शॉर्टकट. जी चौकट उघडली तिच्यात लिहायचं होतं: शटडाउन, जागा सोडून /एस, जागा सोडून /टी, जागा सोडून 60. एस म्हणजे बंद कर, टी म्हणजे वेळ, 60 म्हणजे सेकंद. (सगळं इंग्रजी अक्षरात, मी इथे मराठीत लिहिते आहे एवढंच.) पहिल्यांदा मी रेघ चुकीची दिली, एंटरच्या वरची, डावीकडे कललेली. शॉर्टकट तयार झाला, पण डबल क्लिक केलं तर एक काळी खिडकी लुकलुकली आणि गेली. तुम्हाला चूक तेव्हाच दिसली असणार. तरी तुम्ही बोलला नाहीत. मी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा अक्षरावर बोट ठेवून वाचलं, तेव्हा माझं मलाच दिसलं. प्रश्नचिन्हाच्या बटणावरची रेघ हवी होती. ती टाकली आणि स्क्रीनवर निरोप आला की एका मिनिटात कॉम्प्युटर बंद होणार. माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं आणि तुम्ही पहिल्यांदा हसलात.

तो थांबवायचा कसा, तेही त्याच मिनिटात शिकवलंत. कीबोर्डवरचं विंडोजचं बटण आणि आर दाबून येणाऱ्या चौकटीत शटडाउन /ए, एंटर. थांबला. मग त्याचाही दुसरा शॉर्टकट माझ्याकडून करून घेतलात.

पुढे बटणं. शॉर्टकटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे शॉर्टकट की नावाची ओळ. तिच्यात क्लिक करून नुसतं बी दाबलं तर विंडोजने आपणहून कंट्रोल-ऑल्ट-बी लिहिलं. बी म्हणजे बंद. दुसऱ्याला आर, म्हणजे रद्द. त्याआधी तुम्ही विचारलंत, "रुपयाचं चिन्ह कसं काढतेस?" मी म्हटलं कंट्रोल-ऑल्ट-4. "मग 4 सोडून काय ते घे." हे माझ्या कधी लक्षात आलं नसतं, आणि पावतीवर रुपया काढताना मशीन बंद व्हायला लागलं असतं.

तीन-तीन बटणं कशाला, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही 1981 च्या आयबीएम पीसीची गोष्ट सांगितलीत. डेव्हिड ब्रॅडली नावाच्या इंजिनिअरने मशीन पुन्हा चालू करायला कंट्रोल-ऑल्ट-डिलीट ही तीन बटणं ठरवली, एका हाताने चुकून दाबली जाऊ नयेत म्हणून. माझ्या टेबलावर फायली पडतात, लोक कोपर टेकतात, लेक येऊन कीबोर्ड बडवते. मला ते लगेच पटलं.

60 च का, तेही इथे लिहून ठेवते, कारण मी ज्यांना ज्यांना शिकवलं त्या सगळ्यांनी हेच विचारलं. शून्य टाकलं तर बंद व्हायला लगेच सुरुवात होते, रद्द करायला सवड नाही. पण एखादी फाईल सेव्ह न करता उघडी असेल तर विंडोज थांबून विचारतं. शून्यापेक्षा मोठा आकडा टाकला तर वेळ मिळतो, मात्र वेळ संपली की उघडं असेल ते जबरदस्तीने बंद होतं, विचारणं नाही. आकडाच टाकला नाही तर 30 सेकंद धरले जातात. तुम्ही म्हणालात, "तुझा यूपीएस चार मिनिटं धरतो. एक मिनिट घे, पण आधी कंट्रोल-एस, म्हणजे सेव्ह." तेव्हापासून माझी बोटं आधी कंट्रोल-एसवर जातात.

दोन आठवड्यांनी, विम्याची मुदत संपत आलेली असताना, दुपारी लाईट गेली. एका ताईंचा अर्ज चालू होता, गट नंबर भरून झाला होता, कागद अपलोड व्हायचे होते. यूपीएस ओरडायला लागला. वर्डमधली दिवसाची यादी कंट्रोल-एस केली, कंट्रोल-ऑल्ट-बी दाबलं. माऊसकडे हातही गेला नाही. निरोप आला, मी मनात आकडे मोजायला लागले. वीस-बावीसपर्यंत गेले असेन, तेवढ्यात पंखा फिरला आणि बाहेरची पोरं "आली, आली!" म्हणून ओरडली. कंट्रोल-ऑल्ट-आर. मिनिटाचा निरोप रद्द झाला. अर्ज जसाच्या तसा समोर, गट नंबरसकट. ताईंना काही कळलं नाही, त्या पदराने वारा घेत बसल्या होत्या. मी पाच मिनिटांत पावती त्यांच्या हातात दिली. त्या दिवशी तुम्हाला फोन करावा असं फार वाटलं, पण बाहेर रांग होती.

एक चूक मात्र केली. दिवाळीला डेस्कटॉप आवरताना दोन्ही शॉर्टकट एका फोल्डरमध्ये टाकले आणि बटणं चालेनात. मग तुमचं वाक्य आठवलं, "हे डेस्कटॉपवर नाहीतर स्टार्ट मेनूतच राहू दे, दुसरीकडे नेलं की मुकं होतं." परत बाहेर काढले. आता बंदच्या शॉर्टकटला लाल चिन्ह लावलं आहे, कुणी आवरायला जाऊ नये म्हणून.

परक्या मशीनवर काहीच तयार नसतं, तिथल्यासाठी सांगितलेलं तर सगळ्यांत जास्त उपयोगी पडलं. विंडोज आणि एक्स, मग यू, पुन्हा यू. किंवा विंडोज-डी करून डेस्कटॉपवर यायचं, ऑल्ट-एफ4, एंटर. जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंना हे मी शाळेच्याच मशीनवर शिकवलं. अंगणवाडीच्या सेविकेला शिकवलं. माझ्या भाच्याला शिकवलं, त्याने मित्रांना. प्रत्येक वेळी मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. फार अवघड जातं काका. समोरचा चुकीची रेघ देतो आणि आपली बोटं शिवशिवतात. तुम्ही तासभर कसे थांबलात, ते मला आता कळतं.

ते आजोबा दीड दिवसानंतर पुन्हा आले होते. त्यांचा अर्ज मी सगळ्यांत आधी भरला.

यूपीएसची बॅटरी आता तीन मिनिटांवर आली आहे. येत्या बुधवारी ती घेऊन लातूरला येते. बदलायची कशी ते दाखवा, स्क्रू मी खोलेन. आणि काकूंसाठी घरची तूरडाळ आणते आहे, तिला नाही म्हणू नका.

तुमची,
औशाकडची सेवा केंद्रवाली