तेल लागलेल्या डॉल्फिनजवळ जाणाऱ्या हातांसाठी

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,

सविनय नमस्कार.

मी दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर राहतो. वाळूत गादा, म्हणजे आपल्या फायलीतला हंपबॅक डॉल्फिन, लागलेला दिसला की वन खात्याला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत त्याच्याजवळ बसायचं, हे आम्ही काही जण वर्षानुवर्षं करतो.

गेल्या पावसाळ्यात एक जिवंत लागला. कुशीवर डांबर, म्हणजे समुद्रात सांडून घट्ट झालेलं तेल, चिकटलेलं. आमच्याकडे पायाला डांबर लागलं की रॉकेलचा बोळा फिरवतात. एका पोराने मायेपोटी तेच केलं, श्वासाच्या भोकापासून जेमतेम वीतभर अंतरावर. गादा श्वास सोडी तसा फवारा आमच्या तोंडावर येई. मास्क नाही, चष्मा नाही, हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या. शेपटीचा फटका एकाच्या मनगटाला बसला. संध्याकाळी दोघांची डोकी धरली, एकाला उलट्या झाल्या. गादा रात्रीच गेला. त्या पोराला मी दोष देत नाही. रॉकेल लावायचं नसतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

सांगण्यासारखं फार थोडं आहे. सांडलेल्या ताज्या तेलातून बेंझिनसारख्या विषारी वाफा निघतात, पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त. म्हणून वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं. हातमोजे नायट्राइलचे हवेत, साध्या पातळ रबरातून तेल आत येतं. शेपटीकडे थांबायचं नाही. अंगावर ओलं फडकं टाकायचं, पण श्वासाचं भोक उघडं ठेवायचं. धुणं-पुसणं पशुवैद्यावर सोडायचं. आणि डोकं जड झालं, मळमळलं, की प्राणी तडफडत असला तरी मागे फिरायचं. हे शेवटचं कुणालाच जमत नाही. सरावाशिवाय जमणारही नाही.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली. तेल रायगडच्या कांदळवनापर्यंत पोचलं, कीटकनाशकांचे कंटेनरही पाण्यात पडले. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईजवळ एन्नोरला मच्छीमार आणि विद्यार्थी बादल्यांनी तेल उपसत होते, कित्येकांचे हात उघडे होते. समुद्रातल्या तेलाशी तटरक्षक दल झुंजतं. किनाऱ्यावर आलेल्या तेलाची जबाबदारी मात्र तेलगळतीच्या राष्ट्रीय आराखड्यात राज्याची आहे. प्रत्यक्षात तिथे सगळ्यांत आधी पोचतो तो मच्छीमार, नाहीतर चड्डीवरचं पोर, नाहीतर एकटा वनरक्षक. कॅलिफोर्नियात तेल लागलेले प्राणी वाचवणाऱ्यांची कायमची यंत्रणा आहे. तिथे माणसाच्या सुरक्षेचं शिक्षण आधी होतं, प्राण्याला हात नंतर लागतो.

साहेब, १ जूनपासून मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या, माणसं घरी. डांबरगोळेही याच पावसात वाहून येतात. म्हणून बंदीच्या पहिल्याच आठवड्यात पालघर ते सिंधुदुर्ग प्रत्येक किनारी तालुक्यात एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवा, आपल्या खात्याच्या कांदळवन कक्षाचे लोक आणि एक पशुवैद्य घेऊन. मोजे, चष्मे, वाफा अडवणारे मास्क आणि गमबूट वन परिक्षेत्र कार्यालयात कुलपात नकोत, ते मच्छीमार सोसायटीत ठेवा. रात्री दोन वाजता किल्ली तिथेच मिळते. आणि वन खात्याच्या सांगण्यावरून जो थांबतो, त्याचा अपघात विमा काढा. आज त्याचं काही बरंवाईट झालं तर दवाखान्याचा खर्च त्याच्या घरच्यांवर पडतो.

आमच्या वाडीतून सोळा जणांची नावं देतो, त्यांत चार मुली आहेत. फक्त तारीख कळवा.

आपला नम्र,
किनाऱ्यावरचा एक स्वयंसेवक