एक्स-रेतला पांढरा भाग

मिरज

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "बाबा, एक्स-रेत खड्डा पूर्ण भरलेला दिसतोय, मग अजून वॉकर कशाला?" माझा आवाज चढला. म्हणून आज शांतपणे लिहितो.

तुला दिसला तो पांढरा भाग तुझं हाड नव्हे. नडगीच्या वरच्या टोकाला, सांध्याच्या खाली खड्डा पडला होता, त्यात बसवलेला सिरॅमिकचा सच्छिद्र ठोकळा आहे तो. हायड्रॉक्सीॲपेटाइटचा. हाडातलं खनिजही त्याच जातीचं, त्यामुळे तो पहिल्या दिवसापासून पांढराच दिसणार. आत हाड आलंय का, ते काही महिन्यांनी त्याची कड पुसट होऊन शेजारच्या हाडात मिसळू लागली की कळतं.

मी तीस वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याच्या, लॅबमध्ये स्लाइड केल्या. हाड कापण्याआधी ते ॲसिडमध्ये ठेवून त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं. एकदा असं सिरॅमिक बसवलेल्या हाडाचा तुकडा आला. ॲसिडमध्ये सिरॅमिक विरघळून गेलं. स्लाइडवर पाहतो तर त्याच्या भिंतींच्या जागा कोऱ्या, आणि जिथे छिद्रं होती तिथे गुलाबी हाड! अनारशाची जाळी निघून जावी आणि भोकांत भरलेलं तेवढं उरावं, तसं. ती स्लाइड मी कितीदा तरी काढून पाहिली.

ते हाड तिथे एका दिवसात येत नाही रे. आधी छिद्रांत रक्त साकळतं. मग कडेकडून केसासारख्या रक्तवाहिन्या आत शिरतात, त्यांच्यामागून पेशी येतात, भिंतींना चिकटून हाड घालू लागतात. छिद्र निदान शंभर मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं तरी लागतं, आणि छिद्रं एकमेकांत उघडणारी हवीत, नाहीतर रक्त पुढे जाणार कुठून? 1974 साली रॉय आणि लिनेहान या संशोधकांनी पोवळ्याच्या सांगाड्याचंच या खनिजात रूपांतर केलं होतं, कारण पोवळ्यात अशी जोडलेली छिद्रं आयतीच असतात.

आता वॉकरचं. सच्छिद्र इम्प्लांटवरच्या प्रयोगांत दिसलंय की दीडशे मायक्रॉनची, म्हणजे जेमतेम दोन केसांच्या जाडीएवढी हालचाल सारखी होत राहिली, तर हाडाऐवजी तंतूंचा मऊ पडदा तयार होतो. शिवाय हाड भरेपर्यंत ठोकळा ठिसूळ असतो, प्लेट-स्क्रूंच्या आधाराने उभा. आत्ताच वजन टाकलंस तर सांधा खचू शकतो. दुखत नाही म्हणजे भरलं, असं समजू नकोस.

आणि सिगारेट. मला माहीत आहे, आईला मी सांगितलेलं नाही. निकोटिनने याच बारीक रक्तवाहिन्या आकसतात. एवढे महिने तरी सोड, बाळा.

शनिवारी कोयनेने येतो. ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे आणि परवाचा, दोन्ही काढून ठेव. खिडकीत शेजारी शेजारी धरून ती कड आपण दोघं मिळून बघू.

तुझा,
बाबा