लेथ घेताना आधी जॉब (कातायची वस्तू) विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितोय. घरी छोटा लेथ (धातू फिरवत कातायचं मशीन) बसवायच्या विचारात असलेल्या कुणाच्या कामी आलं तर तेही बरंच.

"कुठला लेथ घेऊ?" असं ज्याला ज्याला विचारलं, त्याने कंपनीचं नाव सांगितलं. तुम्ही मात्र विचारलंत, "त्यावर काढणार काय?" दुर्बिणीचं सामान म्हटल्यावर तेवढ्याने तुमचं भागेना. "मापं लिहून आण." मग यादी झाली: ३१.७५ आणि ५०.८ मिमीच्या आयपीस (डोळ्याकडचं भिंग) बसवायच्या नळ्या, कॅमेरा जोडायला एम ४२ बाय ०.७५ (४२ मिमी व्यास, ०.७५ मिमी पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) आट्यांचे अडॅप्टर, काउंटरवेटसाठी २५ मिमीचा रॉड, बाकी किरकोळ बुश आणि स्पेसर. त्या कागदाने निम्मी मशीनं घरबसल्या बाद केली.

माझा जीव खरं तर १८० मिमी स्विंगच्या (म्हणजे एवढ्या व्यासाचा जॉब फिरू शकेल अशा) मिनी लेथवर जडला होता. चाळीसेक किलो वजन, दोघांनी उचलून टेबलावर ठेवावं. तुम्ही माहितीपत्रक हातात घेतलंत आणि स्विंगच्या मोठ्या आकड्याकडे बघितलंही नाहीत. बोट ठेवलंत ते स्पिंडलच्या (जॉब फिरवणाऱ्या पोकळ दांड्याच्या) भोकावर: २० मिमी. "तुझा पंचविसाचा रॉड यातून जाणार कसा?" रॉड हेडस्टॉकमधून (स्पिंडल बसवलेल्या डोक्यातून) आरपार गेला, तर टोक चकजवळ (जॉब पकडणाऱ्या पंजाजवळ) धरून फेस मारता, म्हणजे टोक सपाट करता येतं, आटे पाडता येतात. नाही गेला तर तो सगळा बाहेर लोंबणार, मग स्टेडी (मधला आधार) लावा, सेंटर (टोकाचा आधार) लावा. शिवाय १८० चा आकडा बेडवरचा (मशीनच्या खालच्या रुळांवरचा). खाली क्रॉस स्लाइड (टूल आडवं सरकवणारा भाग) आली की उरतात जेमतेम ११० च्या आसपास. हे कुठल्याच जाहिरातीत ठळक अक्षरात नसतं.

म्हणून २१० मिमीच्या वर्गातलं, ३८ मिमी भोकाचं मशीन ठरलं. वजन शंभर किलोच्या पुढे. वर चढवताना सगळ्यांनी मला मनातल्या मनात काय म्हटलं असेल ते असो, पण ते वजन कट मारताना कळतं. हलक्या मशीनवर टूल जरा जास्त आत घातलं की चॅटर (थरथर) सुरू होतो आणि जॉबवर लाटा उमटतात.

त्याआधी जुनं मशीन बघायला माझ्याबरोबर आलात, त्याचे आभार वेगळे मानायला हवेत. ताजा हिरवा रंग, चकाकणारी हँडलं. मी तर खूश होतो. तुम्ही रंगाकडे ढुंकूनही न बघता सॅडल (बेडवरून टूल नेणारा सरकता भाग) चकजवळ नेलं, तिथे गिबचे (त्यातली फट भरणाऱ्या पट्टीचे) स्क्रू आवळून सगळा प्ले काढलात आणि म्हणालात, "आता टेलस्टॉककडे ने." दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे जाताना अर्ध्यातच सॅडल अडकलं. काम कायम चकजवळ होतं, बेड तिथेच झिजतो. शेवटचा भाग कोराच राहतो. एका ठिकाणी बरोबर बसवलेलं गिब दुसरीकडे जाम होतं ते त्यामुळे. मग चकमध्ये जाड रॉड धरून, डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं साधन) लावून, खालून लाकडाने रेटा दिलात. काटा हलला आणि परत जागेवर आला नाही. बेअरिंगचं काय ते कळलं. मालक मधेच चक फिरवून दाखवत होता, "बघा, किती सरळ फिरतोय." तुम्ही त्याला न दुखावता चक उतरवायला लावलात आणि गेजचा पाय स्पिंडलच्या आतल्या टेपरवर (निमुळत्या भोकावर) टेकवलात.

चकचा रनआउट (फिरताना मध्यापासून होणारी हालचाल) आणि स्पिंडलचा रनआउट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तिथे उमगलं. थ्री-जॉ (तीन जबड्यांचा) चक पाच-दहा शतांश मिमी बाहेर चालणं नवलाचं नाही, आणि एकाच पकडीत बाहेरून, आतून, फेस असं सगळं उरकलं तर त्याने बिघडतही नाही. जॉब उलटा करून पुन्हा धरला की खरी गोची. त्यासाठी फोर-जॉ (चारही जबडे वेगवेगळे हलणारा चक) आणि गेज. म्हणूनच सगळे पैसे मशीनमध्ये घालू नको, असं तुम्ही बजावत होतात. फोर-जॉ, ड्रिल चक, लाइव्ह सेंटर, क्विक-चेंज टूलपोस्ट, मायक्रोमीटर, टूलसाठी ग्राइंडर... ही यादी लेथ आल्यावर सुरू होते आणि संपत नाही.

लीडस्क्रूचा (आटे पाडताना सॅडल सरकवणाऱ्या लांब स्क्रूचा) तुमचा हट्ट तेव्हा मला अनाठायी वाटला होता, आता रोज आठवतो. दीड मिमी पिचचा मेट्रिक लीडस्क्रू असल्यामुळे ०.७५ चे आटे पाडताना हाफ नट (सॅडलला त्या स्क्रूशी जोडणारा) कुठेही टाकला तरी टूल आधीच्याच आट्यात येतं, कारण दीडमध्ये पाऊण बरोबर दोनदा बसतं. इंची स्क्रू असता तर अचूक मेट्रिक पिचसाठी १२७ दातांचं गियर शोधत बसावं लागलं असतं, वर प्रत्येक पासला हाफ नट न सोडता मशीन उलटं फिरवावं लागलं असतं. आतले आटे खांद्यापाशी थांबवायला मात्र मी मोटर वापरतच नाही. प्लग काढून, स्पिंडलच्या मागच्या टोकाला तुम्ही सुचवलेलं हँडल लावून हाताने फिरवतो. हळू होतं, पण टूल आदळत नाही.

वेगाच्या बाबतीत तुमचा हिशोब वहीच्या पहिल्या पानावर आहे. एचएसएस (हाय-स्पीड स्टील) टूलने माइल्ड स्टीलला मिनिटाला साधारण २५ मीटर, म्हणजे २५ मिमीच्या रॉडला ३२० च्या आसपास फेरे. तिथे मोटरला जोर हवा. नुसत्या इलेक्ट्रॉनिक नॉबने वेग उतरवला की जोरही उतरतो, म्हणून पट्टा बदलून दोन रेंज मिळतात तेच मशीन घे, हे तुमचं सांगणं सोळा आणे खरं निघालं.

आणि चावी. चकची चावी हातातून सुटली तर टेबलावर, चकमध्ये क्षणभरही नाही. चालू मशीनवर हातमोजे नाहीत, चिप्स ओढायला बोटं नाहीत. या बाबतीत तुम्ही माझ्यावर ओरडलात तेही बरंच झालं.

एका गोष्टीवर आपलं अजून जमत नाही. पार्टिंग टूल (जॉब कापून वेगळा करणारं) मागच्या बाजूला उलटं लावायचा तुमचा आग्रह आहे. मला मागे टूलपोस्ट बसवायला क्रॉस स्लाइडला भोकं पाडायचा धीर होत नाही. पुढून, कमी वेगाने, सॅडल लॉक करून कापतोय आणि स्टील असलं की अजूनही अधूनमधून टूल चावतं. तेव्हा एकदा येऊन जा. तुमचं डायल गेज माझ्याकडेच आहे, टेलस्टॉक सेंटरला आणून झाला की परत देतो.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा दुर्बीणवाला